कुठले नायगाव?

पुण्याचे एक स्नेही काही महिन्यांपूर्वी जुन्या मासिकांचे अंक पाहण्यासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात यायला निघाले. पत्ता साधा होता: नायगाव, दादर (पूर्व). भाड्याच्या गाडीच्या चालकाने फोनवर ‘नायगाव’ एवढेच टाइप केले, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि गाडी सुरू केली. मागे बसलेले आमचे स्नेही टिपणांत गढून गेले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा गाडी ठाणे ओलांडून घोडबंदर रस्त्याला लागलेली होती. फोन मात्र निश्चिंतपणे सांगत होता, की आपण योग्य मार्गावर आहात. तो खोटे बोलत नव्हता. वसई तालुक्यातल्या नायगावला जाण्याचा तो योग्यच मार्ग होता.

गाडी वळवली, या वेळी ‘दादर’ हा शब्द जोडला, आणि मग त्याच फोनने त्यांना एका आवाराच्या मागच्या भिंतीपाशी आणून सोडले. तिथे दार नव्हते. शेवटी चहाच्या टपरीवरच्या माणसाने सोडवणूक केली. “अहो, शारदा सिनेमा विचारायचं ना सरळ!” एवढे बोलून त्याने हात दाखवला. संदर्भ विभागात त्यांना त्या दिवशी जेमतेम तासभर बसता आले.

हा किस्सा सांगताना ते स्वतःवरच हसत होते. मला मात्र त्यातली एक गोष्ट नंतर बराच काळ सतावत राहिली. नायगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत याची मोजदाद मी केलेली नाही, पण चार तर कुणालाही आठवतील. दादर-परळच्या मधले हे आमचे. पश्चिम रेल्वेवर भाईंदरच्या खाडीपलीकडचे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातले, जिथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. आणि नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे. म्हणूनच एखाद्याने ‘मी नायगावचा’ असे म्हटले की समोरचा मराठी माणूस आपोआप विचारतो, ‘कुठले नायगाव?’ हा प्रश्न अज्ञानातून येत नाही. एका नावाची अनेक गावे असतात, हे पक्के ठाऊक असलेला माणूसच तो विचारतो. नकाशाचे ॲप पर्यायांची यादी दाखवते हे खरे. पण ती यादी अशी मांडलेली असते, की घाईतल्या माणसाला पहिली ओळ हेच उत्तर वाटावे. ॲपने केलेला तो अंदाज असतो, आणि तो ज्ञानाच्या थाटात आपल्यासमोर येतो.

या घोटाळ्यावर आपल्याकडे पूर्वीच एक सुज्ञ तोडगा निघालेला आहे, याचा अलीकडे विसर पडलेला दिसतो. एकाच नावाची गावे, नाना लिप्या, नाना स्पेलिंगे यांमुळे टपाल भरकटत असे. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. हा केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातला अधिकारी संस्कृतचा कवी आणि नाटककारही होता. भाषेत नावे कशी घसरतात याची जाण त्यांना कवी म्हणून अधिक असेल काय, असा विचार माझ्या मनात येतो. पण तो माझा तर्क, इतिहास नव्हे. ४०००१४ हा आकडा लिहिला की पत्र वसईला जात नाही. आणि हा आकडा कुणाच्या मालकीचा नाही. टपालखाते तो वापरते, बँका वापरतात, कुरियरवाले वापरतात, फोनवरून सामान पोचवणाऱ्या कंपन्याही वापरतात. त्यासाठी कुणी कुणाला पैसे मोजत नाही, की नोटीस पाठवत नाही.

नोटिशीचा उल्लेख सहज केलेला नाही. फोनवरच्या नकाशांचा इतिहास हा बराचसा भांडणांचा इतिहास आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आपल्या फोनमधून गूगलचा नकाशा काढून टाकला आणि त्या जागी स्वतःचा बसवला. वापरणाऱ्यांनी तशी मागणी केली होती असे नव्हे. आपल्या ग्राहकांच्या वाटा प्रतिस्पर्ध्याच्या हाती का राहाव्यात, हा त्यामागचा प्रश्न होता. नव्या नकाशात पूल वितळल्यासारखे दिसत, ठिकाणे जागची हललेली असत. त्याच महिन्याच्या २८ तारखेला टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि तूर्त दुसऱ्यांचे नकाशे वापरा असा सल्लाही द्यावा लागला. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी लोकांना सावध केले. मिल्ड्युरा या शहराची खूण नकाशाने सुमारे ७० किलोमीटर दूर, पाणी नसलेल्या राष्ट्रीय उद्यानात टेकवली होती, आणि त्या भरवशावर निघालेली माणसे रानात अडकून पडली होती. तिथला पारा ४६ अंशांवर जाऊ शकतो. आमच्या स्नेह्यांचा दिवस वाया गेला. तिथे जीव जाण्याची वेळ आली होती.

आपल्याकडचा अंक २०२४ सालचा. जुलैमध्ये ओला कंपनीने गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा वापरण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात मॅपमायइंडिया या १९९५ पासून नकाशे करणाऱ्या भारतीय कंपनीने, आपली माहिती नक्कल केल्याचा आरोप करून ओलाला कायदेशीर नोटीस धाडली. ओलाने तो आरोप फेटाळला. गूगलने १ ऑगस्टपासून भारतातल्या उद्योगांसाठी आपल्या नकाशाच्या सेवांचे दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. वर्तमानपत्रांनी या साऱ्याचे वर्णन स्वदेशी विरुद्ध परदेशी असे केले. नायगावच्या गल्लीत उभे राहून पाहिले, तर त्या महिन्यात एकही चुकलेले दार जागेवर आलेले नव्हते.

मग हे भांडण नेमके कशासाठी? रस्त्यांची आखणी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून बऱ्याच अंशी होते. अवघड असतो तो पत्ता. कोणत्या चाळीचे दार कोणत्या अंगाला आहे, कोणते फाटक रात्री बंद असते, कोणत्या इमारतीला लोक कोणत्या नावाने ओळखतात, हे आकाशातून दिसत नाही. ते इथे राहणाऱ्याला आणि इथे रोज येणाऱ्याला ठाऊक असते. कंपन्यांना हे पुरते कळलेले आहे. भारतीय माणूस खुणांवरून वाट सांगतो हे ओळखून गूगलने २००९ मध्येच आपल्या मार्गदर्शनात खुणांना जागा दिली. तिच्या बंगळूरच्या कार्यालयात आकाराला आलेल्या ‘मॅप मेकर’मध्ये हजारो लोकांनी आपापल्या गल्ल्या स्वखुशीने रेखाटल्या. ते साधन २०१७ मध्ये बंद झाले. लोकांनी दिलेली माहिती कंपनीकडे राहिली.

असले फुकटचे श्रम मीही केलेले आहेत. आमच्याजवळच्या एका गल्लीचे तोंड चुकीच्या बाजूला दाखवले जाते, हे मी एका कंपनीला कळवले. काही महिन्यांनी दुरुस्ती झाली, आभाराचा निरोपही आला. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात ते तोंड आजही चुकीच्याच बाजूला आहे. एकाच गल्लीचे एकच सत्य प्रत्येक कंपनीच्या दारात स्वतंत्रपणे नेऊन द्यायचे, आणि त्या प्रत्येकीने ते आपल्या कुलपात ठेवायचे, अशी ही व्यवस्था. स्पर्धेने माल सुधारतो असे म्हणतात. इथे मात्र प्रत्येक चूक जितके नकाशे तितक्या वेळा दुरुस्त करावी लागते.

आणि नायगाव काही सोपी जागा नव्हे. इथली नावे वस्तू गेल्यावरही मागे राहतात. मुंबईतल्या ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्या, ‘दादर टी.टी.’ म्हणजे ट्रॅमचे टर्मिनस, ते नाव अजून तोंडातून जात नाही. स्प्रिंग मिलच्या जागी उत्तुंग मनोरे आले तरी जुना माणूस पत्ता सांगताना स्प्रिंग मिलच म्हणतो. ‘हिंदमाता’ म्हटले की चित्रपटगृहाआधी पावसाळ्यात तुंबलेला चौक आठवतो. बी.डी.डी. चाळींचे तर प्रकरणच वेगळे. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजली इमारती. नायगावात त्या ४२ होत्या, आणि एकेका इमारतीत साधारण ८० खोल्या. नकाशावरची टाचणी इमारतीच्या माथ्यावर टोचलेली असते. तिच्यापुढे ८० बिऱ्हाडे सारखीच. त्यात २०२२ मध्ये राज्य सरकारने नायगावच्या बी.डी.डी. वसाहतीला शरद पवार नगर असे नाव दिले. आता पुनर्विकासात चाळी पडताहेत, मनोरे उठताहेत, फाटके सरकताहेत. कागदावर एक नाव, तोंडी दुसरे, आणि फोनवर कधी हे तर कधी ते.

याची किंमत कोण मोजतो? कंपन्या नव्हेत, आणि खरे तर आपणही फारशी नाही. ती मोजतो दुचाकीवरून डबा घेऊन आलेला, या भागाला अनोळखी असलेला मुलगा. नकाशा त्याला भिंतीपाशी आणून सोडतो, घड्याळ चालूच असते, वर खोलीत वाट पाहणारा माणूस वैतागून त्याचा एक तारा कापतो. नकाशाची चूक त्याच्या नावावर जमा होते. नकाशाला तारे द्यायची सोय तिथे नसते.

भाषेचे दुखणे याहून मुरलेले आहे. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे यंत्राने लिप्यंतरित करून दाखवायला सुरुवात केली. हेतू स्तुत्यच. पण रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ यांना एकच अक्षर, ‘ण’ आणि ‘न’ यांनाही एकच. मराठी नाव आधी रोमनमध्ये नेऊन तिथून परत आणायचे म्हटले, की परळचे ‘परेल’, वडाळ्याचे ‘वडाला’ आणि केणींचे ‘केनी’ व्हायला कितीसा वेळ? हा दोष फोनच्या आधीचा आहे. इंग्रजांच्या पाट्यांनी आणि रेल्वेच्या फलकांनी तो रुजवला. पण पाटी एका जागी असते, फोन प्रत्येकाच्या खिशात. उद्या इथे वाढणाऱ्या मुलाला आपल्याच वस्तीचे नाव परक्याच्या उच्चारात शिकावे लागले, तर त्याला जुने नाव सांगणारे कोण उरेल?

सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १७६७ पासून नकाशे करणाऱ्या आपल्या सर्वेक्षण खात्याने दीर्घकाळ ते जपून ठेवण्यातच धन्यता मानली. गूगलने २०१३ मध्ये नागरिकांकडून नकाशा भरून घेण्याची स्पर्धा भरवली, तेव्हा याच खात्याने पोलिसांत तक्रार केली. नकाशाविषयीचे निर्बंध मोकळे झाले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. सरकारने दार लावून घेतले, म्हणून लोक कंपन्यांच्या दारात गेले. आणि रात्री-अपरात्री अनोळखी उपनगरात याच फोनने मलाही घरी आणलेले आहे. ते उपकार मी नाकारत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की पत्ता ही सार्वजनिक गोष्ट आहे. इमारतीचे नाव, तिचा क्रमांक, तिचे दार आणि तिथवर जाणारी गल्ली यांची नोंद महानगरपालिकेने, म्हाडाने आणि टपालखात्याने एकत्र बसून ठेवावी. आधी देवनागरीत ठेवावी, जुन्या नावासकट ठेवावी, आणि कुणालाही मोफत वापरू द्यावी. असे खुले काम अशक्य नाही, हे २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या स्वयंसेवकांनी दाखवून दिले आहे. टपालखात्याने मे २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ याच दिशेचे पाऊल आहे. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्याने दहा अक्षरांची खूण दिली. पण चौकोनाला नाव नसते आणि मजलाही नसतो. त्या दोन्ही गोष्टी कुणीतरी जागेवर येऊन, माणसांना विचारूनच लिहायच्या आहेत. ते झाले की कंपन्यांनी त्यावर खुशाल स्पर्धा करावी: कुणाचा मार्ग जवळचा, कुणाचा आवाज गोड.

असो. आमचे स्नेही परवा पुन्हा आले, ते रेल्वेने. दादरला पूर्वेच्या बाजूला उतरले आणि चालत निघाले. वाटेत एका मुलाने दुचाकी थांबवून, हातातला फोन पुढे करत त्यांनाच एका चाळीचा क्रमांक विचारला. त्यांना अर्थातच ठाऊक नव्हता. त्यांनी त्याला चहाच्या टपरीपर्यंत सोबत केली.