मुलींच्या संघाला बाई प्रशिक्षक का हवी?
२०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिला कबड्डी संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे महाराष्ट्रात गुणवत्ता आहे. विद्यापीठीय खेळात तिला जागा नाही. वडवणीसारख्या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यात मुलीला बाहेरगावी स्पर्धेला पाठवताना घरचे आधी विचारतात, ‘सोबत बाई कोण आहे?’ उत्तर नसले की खेळ तिथेच थांबतो. पाळी, दुखापत यांविषयी मुली सरांशी मोकळेपणाने बोलत नाहीत. ऐनवेळी एखाद्या प्राध्यापिकेला व्यवस्थापक म्हणून पाठवून हे भागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने माजी महिला खेळाडूंना पतियाळाच्या एनआयएस पदविकेसाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि परतल्यावर तालुक्यातच वर्षभराच्या मानधनावर नेमावे.