‘दिवसभर राबता ना, तोच व्यायाम!’

आमच्या वस्तीतल्या गटातली एक जण बैठकीला यायची बंद झाली. घरून विरोध झाला असेल, असं आम्ही धरून चाललो. महिन्या-दोन महिन्यांनी विचारपूस करायला गेलो, तर म्हणाली, "ताई, यायची इच्छा लई आहे हो, पण तुमचा तो जिना चढवत नाही. मधल्या पायरीवर बसावं लागतं. लोक बघतात, लाज वाटते."

वय बावन्न. संध्याकाळी पाय सुजायचे. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागायची नाही. दवाखान्यांत तिला आळीपाळीने सांगण्यात आलं होतं, की रक्त कमी आहे, पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका, वजन उतरवा. दीड वर्षाने कुणीतरी इको काढायला लावला आणि निदान झालं. हार्ट फेल्युअर. औषधं सुरू झाली, सूज उतरली, पण धाप गेली नाही. तिने भीत भीत विचारलं, "डॉक्टर, मी काही व्यायाम करू का?" उत्तर आलं, "दिवसभर घरात राबता ना, तोच व्यायाम. बाकी आराम करा." तिच्या मागच्या नंबरच्या पुरुषाला मात्र त्याच टेबलावरून फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळाली.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. कारण ते एका डॉक्टरचं वाक्य नाही, आपल्या सगळ्या समाजाचं आहे.

आधी आजार समजून घेऊ. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला हृदय कमी पडतं. फुप्फुसांत पाणी साठतं, पायांवर सूज येते, थोड्या श्रमाने दम लागतो. बायकांमध्ये याच्या वाटा अनेक आहेत. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर आलेल्या संधिवाती तापाने झडप खराब होते, आणि गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलं की ते एकदम उघडं पडतं. काहींना बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा त्यानंतरच्या काही महिन्यांत हृदयाच्या स्नायूचा आजार होतो. उतारवयात रक्तदाब, मधुमेह यांमुळे हृदय ताठर होतं. आकुंचन ठीक दिसतं, पण हृदय नीट सैल होऊन भरत नाही. हा प्रकार बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

आणि दम का लागतो? दोष फक्त हृदयाचा नसतो. श्वास घेणारे स्नायू, मुख्यतः छाती आणि पोट यांमधला पडदा, या आजारात दुबळे होतात. जड झालेली फुप्फुसं फुगवायला त्यांनाच जास्त कष्ट पडतात. मग आधीच अपुऱ्या रक्तातला मोठा वाटा ते ओढून घेतात आणि पाय उपाशी राहतात. म्हणून बाई म्हणते, ‘छाती भरून येते आणि पायात गोळे येतात.’ तिचं म्हणणं शास्त्राला धरून असतं.

इथेच श्वासाला आधार देण्याची कल्पना येते. कॅनडातल्या १९९९ च्या एका छोट्या अभ्यासात १२ रुग्णांना सायकल चालवताना यंत्राने दाब देऊन श्वासाला मदत केली, तेव्हा ते जास्त वेळ टिकले. ब्राझीलमध्ये २००८ साली दिसलं, की श्वासाच्या स्नायूंचा भार यंत्राने उचलला की पायांच्या स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. करोनाच्या काळात आपण बायपॅप हा शब्द ऐकला, त्याच जातीचं हे यंत्र. हे अभ्यास लहान आहेत. प्रत्येकीला यंत्र हवंच, असा त्यांचा अर्थ नाही.

दुसरा मार्ग स्वस्त आहे. मुठीत मावणारं, स्प्रिंगचं एक उपकरण असतं. त्यातून श्वास आत ओढायला ठरावीक जोर लावावा लागतो, तो हळूहळू वाढवतात. ब्राझीलमध्येच २००६ साली, श्वासाचे स्नायू दुबळे झालेल्या ३२ रुग्णांवर याचा प्रयोग झाला. रोज अर्धा तास, १२ आठवडे. ज्यांनी ते केलं, त्यांच्या श्वासाची ताकद वाढली आणि श्रम करण्याची क्षमताही. दवाखान्यातून घरी येणारं तीन चेंडूंचं उपकरण ते हे नव्हे. त्यात जोर मोजून वाढवता येत नाही.

तिसरा आधार फुकटचा आहे, पण कुणीतरी शिकवावा लागतो. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, उचलताना श्वास न रोखणं, बोलता येईल इतक्याच वेगाने चालणं.

आता त्या वाक्याकडे परत येऊ. घरकाम व्यायाम का नाही? व्यायाम मोजून सुरू होतो, थोडाथोडा वाढतो, आणि दम लागला की थांबता येतं. घरकामात यातलं काय आहे? हंडा उचलताना श्वास रोखला जातो. वाळत घालायला हात डोक्यावर न्यावे लागतात, त्याने धाप वाढते. चुलीशी धूर असतो. आणि थांबायचं कधी, हे तिच्या हातात नसतं, कारण नळाला पाणी तासभरच येतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जाताना दिसला, पुरुषांचा ९७. राबणं हाच व्यायाम असता, तर आपल्या बायका दमल्याच नसत्या. घरकाम हे काम आहे, त्याची मोजदाद करा, असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. तेच काम दवाखान्यात उपचाराऐवजी आपल्या पदरात टाकलं जातं, तेव्हा आपण गप्प कशा?

आणि हे केवळ न्यायाचं बोलणं नाही. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समध्ये झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या २३३१ रुग्णांपैकी काहींना देखरेखीखाली व्यायाम दिला. तो सुरक्षित ठरला. त्यात बायका ६६१ च होत्या. २०१४ साली त्यांचे आकडे वेगळे काढून पाहिले, तेव्हा मृत्यू किंवा इस्पितळात भरती होणं यांत व्यायामामुळे झालेली घट पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसली. म्हणजे ज्यांना फायदा अधिक, त्यांनाच चिठ्ठी मिळत नाही!

आपल्याकडे तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली १८ इस्पितळांतल्या हार्ट फेल्युअरच्या १२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यात पुरुष ८३४ होते. बायकांना हा आजार एवढा कमी होतो, की त्या इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत? आपल्या वस्त्यांमध्ये हिंडणाऱ्यांनी याचं उत्तर शोधायला हवं.

थोडं आपल्याकडेही पाहू. आपल्या आरोग्य शिबिरांत आपण पाळीबद्दल बोललो, पांढरं जाण्याबद्दल, गर्भपाताबद्दल, रक्तक्षयाबद्दल. ते आवश्यकच होतं. पण हृदय जणू पुरुषांचंच, असं आपणही मानलं. कुणी ‘दम लागतो’ म्हणाली, की आपणही लोहाच्या गोळ्यांपाशी थांबलो. रक्तक्षय असू शकतोच, पण त्यामागे हृदय लपलेलं असू शकतं.

म्हणून काही मागण्या. दम लागणं आणि पायांवर सूज अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईची हृदयाची तपासणी व्हावी. हार्ट फेल्युअरचं निदान झालेल्या प्रत्येकीला व्यायामाची चिठ्ठी मिळावी. सहा मिनिटांत किती चालवतं, ही चाचणी करायला तीस मीटरचा व्हरांडा आणि एक घड्याळ पुरतं. जिल्हा रुग्णालयांत श्वासाची ताकद मोजण्याची आणि वाढवण्याची सोय असावी, आणि वेळ बायकांना जमेल अशी, दुपारची. रोज बसभाडं काढून येणं जमणार नाही, तिथे घरी करायचा व्यायाम शिकवावा. ब्रिटनमध्ये २१६ रुग्णांच्या अभ्यासात पुस्तिका आणि घरी येणारी परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्या मदतीने हे करून पाहिलं, आणि वर्षभराने रुग्णांचं रोजचं जगणं सुसह्य झालेलं दिसलं. आपल्या आशाताई हे करू शकतील, पण त्यांच्यावर आणखी एक फुकटचं काम लादून नव्हे, मोबदला देऊन.

एक सावधगिरीही. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं असेल, तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर. उपकरण कुणाचं पाहून विकत आणू नये. औषधं सोडून प्राणायाम, हा मार्ग तर नव्हेच.

आमच्या त्या मैत्रिणीला आम्ही दुसऱ्या इस्पितळात नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी श्वासाचं उपकरण दिलं, चालायचं वेळापत्रक लिहून दिलं. त्या अर्ध्या तासासाठी घरातलं पाणी कोण भरणार, यावर घरात दोन भांडणं झाली. आता मुलगा भरतो. तीन महिन्यांनी ती बैठकीला आली. मध्ये एकदा थांबली, पण बसली नाही.

तिचा आजार बरा झालेला नाही. पण जिना तिचा झाला. तुमच्या गटातून कोण कोण येईनाशी झाली आहे, आणि तुमचं कार्यालय कितव्या मजल्यावर आहे, एवढं या महिन्यात विचारून पाहा.