पूजेतली वही आणि कंपनीचा ताळेबंद

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापाऱ्याच्या पेढीवर नवी वही पाटावर मांडली जाते, तिच्यावर स्वस्तिक रेखून हळदकुंकू वाहिले जाते आणि मगच तिच्यात पहिली नोंद होते. मुंबईच्या शेअरबाजारातही या दिवशी तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. एरवी सायंकाळी भरणारा हा तास २०२५ साली दुपारी भरविण्यात आला, एवढाच काय तो फरक. एके काळी हा दलाल स्ट्रीटवरील मंडळींचा घरगुती समारंभ होता. आता तसे राहिलेले नाही. देशातील डीमॅट खात्यांची संख्या २०२२ च्या ऑगस्टमध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. ज्या घरांत पोस्टातील बचत आणि बँकेतील मुदत ठेव यांपलीकडे गुंतवणुकीची भाषा नव्हती, त्या घरांतूनही पाडव्याला गुंजभर सोने घ्यावे तसा मुहूर्ताला एखादा शेअर घेतला जाऊ लागला आहे.

ही प्रथा बरी की वाईट, या वादात येथे शिरावयाचे नाही. प्रश्न एवढाच की, आपली वही भक्तिभावाने पुजणारा हा गृहस्थ ज्या कंपनीचा भागीदार होत असतो, तिची वही तो कधी उघडून पाहतो काय?

शेअर घेणे म्हणजे धंद्यात भागी घेणे, हे शब्दाच्या अर्थातच आहे. परंतु बाजारात दिसतो तो भाव. मोल दिसत नाही. भाव क्षणोक्षणी फलकावर झळकतो, मोल मात्र ताळेबंद, नफातोट्याचे पत्रक आणि संचालकांचा अहवाल यांतून खणून काढावे लागते. अमेरिकेत १९२९ च्या बाजारपडझडीनंतर बेंजामिन ग्रॅहॅम या प्राध्यापकाने डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ साली या खणण्याचे शास्त्र ग्रंथबद्ध केले. त्याचे सार आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या अडत्याला पटावे असे आहे. शंभर रुपयांचे मोल वाटणारी वस्तू साठ-सत्तरला मिळत असेल तरच घ्यावी, कारण आपला अंदाज चुकण्याचा संभव असतो आणि मधले अंतर त्या चुकीसाठी राखून ठेवायचे असते. भावामागे धावणाऱ्यांचे काय होते, याचा हिशेब ‘सेबी’ने २०२४ च्या सप्टेंबरात मांडला आहे. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी नुकसान सोसले, आणि त्या नुकसानीची बेरीज १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेली. ही रक्कम अखेर कोणाच्या तरी संसारातून गेलेली आहे.

याच्या उलट टोकाला ‘घ्या आणि विसरून जा’ असे सांगणारे उपदेशक भेटतात. त्यांच्या तोंडी खानदेशातील अमळनेरचे उदाहरण हमखास असते, आणि ते बहुधा अर्धवटच सांगितले जाते. १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. वनस्पती तूप बनविणे हा तिचा धंदा. गावातील अनेकांनी तिचे शेअर घेतले, आणि कित्येक घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तीच आजची विप्रो. शंभर रुपयांचा तो एक शेअर आज किती कोटींचा झाला असता, हे गणित मांडताना सांगणाऱ्याचे डोळे चमकतात.

परंतु त्याच अमळनेरात प्रतापशेटजींची कापडाची गिरणीही होती. १९४५ साली एखाद्या सावध माणसाला विचारले असते की पैसे कोठे घालावेत, तर त्याने निःसंशय कापडाकडे बोट दाखविले असते. यंत्रे उभी, माल खपता, आणि कापड तर प्रत्येकाला लागणारच! कापडधंद्याची पुढची कहाणी, विशेषतः १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे झाले ते, महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. गिरण्यांचे शेअर उराशी धरून बसलेल्यांनीही धीरच धरला होता. त्यांच्या गोष्टी मात्र कोणी सांगत नाही.

मग अमळनेरच्या तूपकारखान्याचे मोल आधी कळण्यासारखे होते काय? प्रामाणिक उत्तर असे की, १९६६ साली ते कळण्यासारखे नव्हते. त्या वर्षी संस्थापकांचे निधन झाले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्ध्यावर टाकून कारभार पाहण्यासाठी परतले. त्या सालच्या ताळेबंदात तेलबियांचा साठा होता, डबे होते, येणी-देणी होती. संगणक कोठेही नव्हता. कोणत्याही विश्लेषकाने कितीही बारकाईने पाहिले असते तरी त्याला तो दिसला नसता.

मात्र पुढची वर्षे हाती होती. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर कंपनी हायड्रॉलिक सिलिंडरांच्या उत्पादनात उतरली. १९७७ साली तिच्या नावातले ‘व्हेजिटेबल’ गेले. आयबीएमने त्याच सुमारास भारतातून गाशा गुंडाळला आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऐंशीच्या दशकात विप्रो संगणक घेऊन उतरली. इकडे तूप-साबणाचा जुना धंदाही चालूच होता. यातले काहीच गुप्त नव्हते. दरवर्षी अहवाल वाचणाऱ्या भागधारकाला तीन प्रश्न विचारता येत होते. झालेला नफा कोठे गेला? त्यासाठी कर्ज किती वाढले? नव्या धंद्यात घातलेला रुपया बँकेच्या व्याजाहून अधिक मिळवून देतो काय? कंपनीची कुंडली एकदा मांडून तिजोरीत ठेवता येत नाही. ती दर साली नव्याने मांडावी लागते.

आणि मोल कळले तरी भावाचा प्रश्न उरतोच. २००० सालच्या फेब्रुवारीत, संगणक-कंपन्यांच्या तेजीच्या भरात, याच विप्रोचा भाव नऊ हजारांच्या पलीकडे गेला होता. कंपनी तीच, कारभारी तेच; पण त्या भावाने घेणाऱ्यांना मुद्दल पुन्हा दिसावयास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

आता दुसरी बाजू. वही वाचली, पण वहीच खोटी असेल तर? हैदराबादच्या सत्यम कंप्यूटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबुली दिली की, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या तिमाहीत धंद्यातील नफा ६४९ कोटी, म्हणजे विक्रीच्या २४ टक्के, दाखविला होता. खरा होता ६१ कोटी, अवघा ३ टक्के. आदल्या दिवशी १७९ रुपयांवर असलेला शेअर त्या दिवशी ४० रुपयांवर आला. लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. २००८ सालीच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता!

मागाहून शहाणपण सुचणे सोपे असते, हे मान्य. तरीही काही गोष्टी उघड्यावर होत्या. तिजोरी एवढी भरलेली, धंदा एवढा तेजीत, आणि प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा मात्र वर्षागणिक घटत चाललेला. गावातील वाण्यालाही हे विसंगत वाटले असते. डिसेंबर २००८ मध्ये तर प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि गुंतवणूकदारांच्या ओरडीने तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. आकडे खोटे लिहिता येतात; माणसे आपल्या पैशाचे काय करतात, हे लपविणे त्या मानाने कठीण. तरी सारेच हेरता येईल असा भ्रम कोणी बाळगू नये. ग्रॅहॅमचे ते राखीव अंतरही खोट्या वहीपुढे लंगडे पडते, आणि म्हणून घरची सगळी पुंजी एकाच कंपनीत घालणे, मग ती कितीही तपासलेली असो, हा शुद्ध जुगार आहे.

विसरून जाण्याची तर आता कायद्यानेही सोय ठेवलेली नाही. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. नोंदलेल्या कंपन्यांच्या कागदी प्रमाणपत्रांचे हस्तांतरण १ एप्रिल २०१९ पासून बंद झाले आहे. आजोबांच्या ट्रंकेत पिवळी पडलेली अशी प्रमाणपत्रे अनेक घरांत असतील. निधीकडे गेलेले शेअर मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करून परत मागता येतात. कागद जुळविण्यास वेळ लागतो, वारसाचे दाखले लागतात, नावातील एका अक्षराचा फरकही आडवा येतो. दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक हाती लागलीच असेल, तर प्रमाणपत्रावरील कंपनीचे नाव आज काय आहे, ती कोणात विलीन झाली, तिने गेल्या पाच वर्षांत किती मिळविले आणि किती वाटले, येथपासून वाचनाला आरंभ करता येईल.