औषध गावात, रुग्ण फडात

बीड : उच्च रक्तदाब म्हणजे सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत शहरांत अद्याप पक्की आहे. बीड जिल्ह्यापुरती तरी ती आता बाजूला ठेवावी लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. या पाच-सहा महिन्यांत त्यांच्या रक्तवाहिन्यांवर जो ताण पडतो, त्याची बरीचशी कारणे कामाच्या वेळापत्रकातच सापडतात. ज्यांचे निदान झाले आहे, त्यांचा उपचारही याच वेळापत्रकामुळे तुटतो.

आजाराचा आवाका मोठा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के महिला आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यावर औषध सुरू होते. रक्तवाहिनीच्या आत पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते. दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक राहू लागला, की हे अस्तर दुखावते, भिंत जाड व ताठर होते आणि ताठर वाहिनीत दाब आणखी चढतो. मेंदू, हृदय, मूत्रपिंडे व डोळ्यांचा पडदा यांना त्याची झळ बसते. रुग्णाला मात्र बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे तो दवाखान्याची पायरी चढत नाही.

‘दिवसभर घाम गाळणाऱ्याला कसला बीपी?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. त्यात अर्धेच तथ्य आहे. फावल्या वेळेतील व्यायामाने रक्तदाब उतरतो. पण विश्रांतीविना तासन् तास चाललेल्या ओझ्याच्या कामाचा परिणाम तसाच होतो असे नाही. अशा कामात दाब दिवसाचा मोठा भाग चढलेला राहतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत साधारण १० ते २० टक्के खाली येतो व रक्तवाहिन्यांना तेवढा विसावा मिळतो. फडावर पहाटे अंधारात कोयता हाती घ्यावा लागतो आणि गाडी आली की रात्री-अपरात्री मोळ्या भराव्या लागतात. हा विसावा मिळणार कधी? एक खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून अंग दुखले तरी गोळी घेऊन काम सुरू राहते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके वारंवार घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. भूक आणि थकवा मारण्यासाठी तंबाखू वा मिस्री लावली, की निकोटिनने वाहिन्या आकुंचन पावतात. कोपीतील चुलीचा धूर वेगळाच.

आहाराचा सल्ला देताना तर फारच सावध राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पापड-लोणची, फरसाण आणि खारी यांची रेलचेल असलेल्या शहरी घराला हा सल्ला अगदी योग्य आहे. उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराला मात्र पुरेसे पाणी व सावलीही तितकीच महत्त्वाची आहे. त्याच्या ताटात भाकरी आणि तिखट-मिठाची चटणी असते. पालेभाजी व फळे क्वचितच. रक्तदाब आटोक्यात ठेवणारे पोटॅशियम मुख्यतः तेथूनच मिळते.

महिलांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. चर्चा शस्त्रक्रियांच्या गरजेवर झाली व ते योग्यच होते. या महिलांच्या रक्तवाहिन्यांचे पुढे काय, हा विषय मात्र मागे पडला. बीजकोश काढले असल्यास इस्ट्रोजेनचे संरक्षण एकाएकी जाते. बीजकोश शाबूत ठेवले, तरी धोका उरतोच. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१८ च्या अभ्यासात बीजकोश न काढताही उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक दिसले. ३५ वर्षे वयापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सुमारे अडीचपट होता. बीडमधील १३,८६१ जणींचा रक्तदाब नियमित तपासण्यास एवढा आधार पुरेसा आहे. त्यांची नोंद झालेली असल्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करता येईल.

उपचार महाग किंवा अवघड नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने तेच दाखवले. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी मोजकी, स्वस्त औषधे, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि महिन्याकाठी फेरतपासणी, एवढीच त्याची रचना. पहिल्या टप्प्यात राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे चार जिल्हे होते. यांपैकी सातारा हा उसाचा जिल्हा. मराठवाड्यातील टोळ्या तेथेही जातात. परंतु महिन्याकाठी परत येणारा रुग्ण गृहीत धरलेली व्यवस्था दिवाळीनंतर कुलूपबंद होणाऱ्या घराला कशी पुरणार? गोळी बंद झाली की दाब पुन्हा चढतो. बरे वाटते म्हणून गोळी सोडणारेही असतातच, पण येथे इच्छा असूनही ती मिळत नाही.

यावर तोडगा शोधण्यास नवे संशोधन नको. २०२० च्या टाळेबंदीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम देण्याची मुभा दिली होती. तीच सवलत ऊसतोड मजुरांना हंगामापूर्वी देता येईल. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी दसऱ्याआधी तिशीपुढील प्रत्येक मजुराचा रक्तदाब मोजावा, आढळलेल्या रुग्णांना तीन महिन्यांच्या गोळ्या व कार्ड सोबत द्यावे. जानेवारीपासूनच्या गोळ्या फडाजवळच्या आरोग्य केंद्राने त्याच कार्डावर द्याव्यात. कोणती टोळी कोठे उतरली, हे मुकादम व कारखाना या दोघांनाही ठाऊक असते. ती यादी आरोग्य खात्याच्या हाती पडण्यासाठी साखर आयुक्तालयाचे एक परिपत्रक पुरे आहे.