क्षमा दुसऱ्याच्या खिशातून देऊ नका

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण शेवटपर्यंत वाचा, मग हवं तेवढं भांडा.

"ख्रिस्ती आहेस ना? मग माफ कर आणि विषय संपव." हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला हेच ऐकवायचं, संस्थेच्या पैशांचा हिशेब मागणाऱ्यालाही हेच. आणि वर दाखला ठरलेला: ग्लॅडिस स्टेन्स.

ठीक आहे, त्याच दाखल्यापासून सुरुवात करू. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर गाव. रात्री गाडीत झोपलेले ग्रॅहम स्टेन्स, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी यांना जमावाने जिवंत जाळलं. ग्रॅहम बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि २००४ पर्यंत तिथेच राहून तेच काम सांभाळलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथवर सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कोणी सांगत नाही. त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. २००३ मध्ये दारा सिंहला फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये हायकोर्टाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. बाईंनी द्वेष सोडला, कोर्टाचं काम कोर्टाकडे राहिलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: नवरा त्यांचा, लेकरं त्यांची, म्हणून क्षमेचा अधिकारही त्यांचा. तुम्ही-आम्ही त्यांच्या वतीने सही करणारे कोण?

आता शास्त्र. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे पेत्राला सांगितलेलं सगळ्यांच्या तोंडी असतं. तो मत्तयाचा अठरावा अध्याय जरा वरपासून वाचा की! लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, हे तिथेच आहे. भावाने अपराध केला तर आधी एकांतात सांग, ऐकलं नाही तर एकदोन साक्षीदार घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे ठेव, हेही तिथेच. म्हणजे अपराधाला अपराध म्हणायचं आहे, तोंडावर आणि गरज पडली तर चारचौघांत.

पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. उठायचं कोणी? ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने! जक्कयाने तर फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. आपल्याकडे मात्र दुखावलेल्यालाच उठवतात, आणि दुखावणारा पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणतो.

कोणी म्हणेल, मग समोरचा सुधारेपर्यंत माफच करायचं नाही का? तसं अजिबात नाही. प्रभूने वधस्तंभावर कुणी माफी मागायची वाट पाहिली नाही. मनातून क्षमा आज करा, आत्ता करा. पण क्षमा केली म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या परत द्यायच्या, असं होत नाही. मारणाऱ्याला माफ केलं म्हणून त्याच्याच घरी नांदायला जायचं, हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय? घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्याखाली तक्रार केली म्हणून कुणा बाईचा विश्वास उणा होत नाही.

आणि एवढी उदार क्षमा आपण स्वतःच्या बाबतीत करतो का हो? वीतभर बांधासाठी वर्षानुवर्षं न बोलणारे सख्खे भाऊ एकाच उपासनेत प्रभुभोजन घेतात. लग्नात मानपान राहिला म्हणून तुटलेली घरं आपल्याच गल्लीत आहेत. तिथे कोणाला मत्तय अठरा आठवत नाही. क्षमेची हौस असेल तर या हिशेबांपासून सुरुवात करा, ते तुमच्या स्वतःच्या खात्यातले आहेत.

पाळकसाहेब, पंच मंडळी, एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी एखादी बहीण सुजलेला चेहरा घेऊन तुमच्या दारात आली, तर आधी तिच्याबरोबर दवाखान्यात जा, तिची इच्छा असेल तर पोलीस ठाण्यातही जा. मग तिच्या नवऱ्याला गाठून पश्चात्तापाचं प्रवचन द्या. क्षमा कधी करायची ते तिला आणि देवाला ठरवू द्या.