मुहूर्त आधी, नकाशा नंतर

तालुक्याच्या गावात दुमजली व्यापारी इमारत बांधायची ठरते, तेव्हा सगळ्यात आधी ठरते ती उद्घाटनाची तारीख. खाली चार गाळे, वर दवाखाना किंवा बँकेची शाखा, आणि येत्या दसऱ्याला सुरुवात, एवढे बोलणे झाले की ठेकेदाराशी चौरस फुटाचा दर ठरतो आणि भूमिपूजन उरकले जाते. त्या दरात काय काय येते, हे कुठेही लिहिलेले नसते. जमिनीखालची पाण्याची टाकी, आवारभिंत, गाळ्यांची शटर, जिन्याचा कठडा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, वीजमीटरची खोली हे सगळे मालकाने धरलेले असते आणि ठेकेदाराने धरलेले नसते. पुढे काम लांबते. मालक ठेकेदाराला बोल लावतो, ठेकेदार मजुरांना आणि वाळूच्या भावाला. माझे म्हणणे असे आहे की अशा कामांतला बराचसा उशीर पाया खणण्याआधीच ठरून गेलेला असतो. काय बांधायचे हे कागदावर न उतरवता जी तारीख दिली जाते, तिच्यामागे कसलाच हिशेब नसतो.

बांधकामातला काही वेळ पैसा ओतून किंवा माणसे वाढवून कमी करता येत नाही. काँक्रीटविषयीचे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारत राहावे. हवा कोरडी व उष्ण असेल तर मिश्र सिमेंटसाठी शिफारस १४ दिवसांची आहे. लहान कामांवर सर्रास वापरले जाणारे पीपीसी हे मिश्र सिमेंटच आहे. टेकू काढण्याचेही तसेच. आधारांमधले अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू ७ दिवस ठेवायचे, जास्त असेल तर १४ दिवस. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्याहून लांब असेल तर २१ दिवस. हे आकडेही साध्या सिमेंटचे आहेत. सिमेंट दुसरे असेल तर त्यांत योग्य तो बदल करावा, असे मानकच म्हणते. आता शोरूम प्रशस्त दिसावी म्हणून मालकाने मधला कॉलम काढायला सांगितला, तर बीम लांबतो आणि त्याचे टेकू आणखी आठवडाभर जागेवर राहतात. तेवढे दिवस त्या जागेत ना भिंत उठते, ना प्लास्टर सुरू होते. एका कॉलमचा निर्णय असा थेट वेळापत्रकात उतरतो. म्हणून आधी तारीख ठरवून मग नकाशात फेरफार करत राहणे मला हिशेबाच्या दृष्टीनेच चुकीचे वाटते.

पावसाचेही तेच. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन झाले की महिना-दीड महिन्यात मृगाचा पाऊस येतो. काळ्या मातीच्या भागात उघडे पडलेले पायाचे खड्डे पाण्याने भरतात, कडा ढासळतात, आणि आधी पाणी उपसून मग चिखल काढावा लागतो. पावसाळ्यात नदीपात्रातून वाळू काढण्यावर बंदी असते. होळी, दिवाळी, छठपूजा आली की परगावचे सेंट्रिंगवाले आणि गवंडी घरी जातात. यातले काहीही अचानक घडत नाही. पंचांगात आणि कॅलेंडरात हे आधीच छापलेले असते, तरी बहुतेक लहान कामांच्या तारखा बारा महिने सारखेच आहेत असे धरून दिल्या जातात. भूमिपूजनाचा मुहूर्त जरूर साधावा. पण त्यानंतर पाया भरून जोते वर येईपर्यंत कोरडे दिवस किती मिळतात, हे त्याच वेळी मोजायला हवे.

सगळ्यात महाग पडतो तो मध्येच बदललेला वापर. वरच्या मजल्यावर कार्यालय धरले होते, स्लॅब पडल्यावर तिथे दहा खाटांचा दवाखाना करायचे ठरले. मग स्ट्रेचर वळेल असा जिना हवा, लिफ्ट हवी, लिफ्टला उद्वाहन निरीक्षकांचा परवाना हवा, जनरेटरला जागा हवी, अग्निसुरक्षेची व्यवस्था वेगळी हवी, संडास-न्हाणीच्या जागा बदलायला हव्यात. मंजूर नकाशात हे नसल्याने सुधारित परवानगी घ्यावी लागते, नाहीतर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अडते. ठेकेदार या सगळ्याला ‘वाढीव काम’ म्हणतो आणि त्याचे चूक नसते.

काम मोठे असले म्हणून हा नियम बदलत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे बांधकाम १९५९ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे छत कसे बांधायचे हेच ठरलेले नव्हते. आधी उभारलेले खांब छताचा भार पेलणार नाहीत हे नंतर कळले आणि ते पुन्हा बांधावे लागले. १९६३ मध्ये पुरी व्हायची इमारत १९७३ मध्ये खुली झाली आणि ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाची रीत पाहा. आधी अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. सरकारी कामे तरीही रखडतात, हे खरे. पण अंदाजपत्रकात प्रत्येक बाब, तिचे परिमाण आणि दर लिहिलेला असल्याने कोणते काम ठरलेले होते आणि कोणते वाढले, एवढे तरी दाखवता येते. खासगी मालकाजवळ दाखवायलाही काही नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्याजाचा. जागा अडकली आहे, कर्ज घेतले आहे, मग नकाशे घासत दोन महिने का घालवायचे? पण बांधकामाचे कर्ज बँक टप्प्याटप्प्याने देते आणि व्याज उचललेल्या रकमेवर चढते. कागदावरच्या दोन महिन्यांत उचल जवळजवळ काहीच नसते. तेच दोन महिने स्लॅब पडल्यावर गेले, तर पन्नास लाखांच्या उचलीवर दहा टक्के दराने महिन्याला चाळीस हजारांहून अधिक व्याज भरावे लागते, आणि भाडे सुरू झालेले नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्यापारी इमारतीत भाडेकरू कोण येणार हेच सुरुवातीला माहीत नसते, मग सगळे आधी कसे ठरवायचे? सगळे ठरवू नयेच. पाया, कॉलम, मजल्याची भार पेलण्याची क्षमता, जिना, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या उभ्या पाइपांची जागा, महावितरणकडे मागायचा वीजभार एवढे पक्के करावे. पार्टिशन, फरशी, फॉल्स सीलिंग, आतले वायरिंग भाडेकरू येईपर्यंत मोकळे ठेवावे. मात्र जे मोकळे ठेवले तेही लिहून ठेवावे आणि त्याचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा हेही लिहावे. ठेकेदार वेळापत्रक पाळतच नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण पाइप कुठून जाणार, दरवाजा कोणता, हे मालकाने वेळेत न सांगितल्याने थांबलेले दिवस त्याच वेळापत्रकात मोजले गेले, तर ठेकेदारावरचा हा आरोप निम्म्याने कमी होईल, असे मला वाटते.

कायदाही कागदच मागतो. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून इमारत बांधून घेणाऱ्याला रेराचा आधार नाही. तो कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्या विकासकांना लागू आहे. अशा मालकाजवळ उरतो तो १८७२ चा करार कायदा. मुदत हा कराराचा गाभा असताना ती टळली आणि मालकाने नंतर काम स्वीकारले, तर भरपाई मागण्याचा इरादा स्वीकारतानाच कळवावा लागतो, असे त्याचे ५५ वे कलम सांगते. गप्प राहून काम ताब्यात घेतले की तो हक्क जातो. जिथे मुदतच लिहिलेली नाही, तिथे ती टळली हे सिद्ध करणेही कठीण आहे.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींना माझी विनंती आहे की लहान व्यापारी बांधकामासाठी दोन-तीन पानांचा मराठी नमुना करार त्यांनी तयार करावा. दरात येणाऱ्या कामांची यादी, न येणाऱ्या कामांची यादी, वाढीव कामाचे दर, मालकाने निर्णय द्यायच्या तारखा आणि पावसाळा धरून केलेले वेळापत्रक एवढे त्यात असावे. कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि पतसंस्थांनी पहिला हप्ता सोडण्यापूर्वी तो भरून मागावा. आणि यंदा बांधायला निघालेल्यांनी नमुन्याची वाट न पाहता या दोन याद्या साध्या कागदावर लिहून, त्यावर ठेकेदाराची सही घेऊनच नारळ फोडावा.