भिंतीतली तार तोडू नका!

"सर, हे आता काहीच कामाचं नाही. तोडून टाकू काय?"

घरी फायबरचं कनेक्शन द्यायला आलेल्या पोराने हातात कटर घेऊन विचारलं. आणि आयुष्यभर वर्गात 'आधी विचार करा, मग उत्तर लिहा' असं सांगत आलेला मी, 'टाक तोडून' म्हणून मोकळा झालो. वरच्या खोलीत जाणारी टेलिफोनची तार त्याने उपसून काढली. पुढे रंगाऱ्याने पाइपाचं तोंड लांबी भरून बुजवलं. भंगारवाल्याने त्या तांब्याचे किती दिले ते सांगायची लाज वाटते. दोघांचा चहा झाला असता, फार तर सोबत पोहे.

मागच्या खोलीची तार वाचली ती केवळ सौ. तिथे दुपारची झोपली होती म्हणून. आजचं हे भांडण त्या वाचलेल्या तारेच्या वतीने आहे.

आमचं पुढचं घर विटांचं, मागची खोली मात्र जुन्या धाब्याच्या घरातली. मातीच्या भिंती, चांगल्या दीड हात जाडीच्या. हिवऱ्याच्या उन्हाळ्यात ती खोली म्हणजे स्वर्ग! सौ.चा खुबा मोडल्यापासून त्यांचा मुक्काम तिथेच. रात्री आठला पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. राउटर पुढच्या खोलीत, सौ. मागे. चेहरा दिसायचा, गोठायचा, तुटायचा. एकदा लेक काही बोलताबोलता गेली, तर सौ. रात्रभर धरून बसल्या की पोरगी रागावली आपल्यावर. मला हा विषय महत्त्वाचा का वाटतो, ते एवढ्यावरून कळावं.

सल्ले भरपूर मिळाले. मोठ्या अँटेनाचा राउटर घ्या. घरभर चारदोन डबे ठेवायची 'मेश' पद्धत घ्या. पण ते डबेसुद्धा एकमेकांशी हवेतूनच बोलणार ना? मध्ये तीच दीड हाताची भिंत. एकाने सुचवलं, मोबाइलचाच डेटा वापरा. त्या सद्‌गृहस्थांनी विवेकानंद आश्रमाच्या जन्मोत्सवात महाप्रसादाच्या दिवशी इथे यावं. पुरी आणि वांग्याच्या भाजीला लाखांनी माणसं बसतात आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. त्या दिवशी साधा फोटो जाईल तर शपथ. हवा सगळ्यांची असते, तार ज्याची त्याची.

आता तारेविषयी. आपल्याकडे बहुतेक घरांत फोनसाठी दोनच तारा आल्या. पूर्वी खात्याच्या आणि २००० पासून बीएसएनएलच्या लाइनवर बोलायला तेवढ्या पुरत. २००५ मध्ये डेटावन आलं तेव्हा इंटरनेटही त्याच दोन तारांवरून आलं. बोलणं खालच्या कंप्रतेवर, इंटरनेट वरच्या, आणि दोघांना वेगळं करणारी ती छोटी डबी, स्प्लिटर. म्हणजे या तारेला इंटरनेट नवं नाही.

घरातल्या घरात संगणक जोडायचे तर मात्र निदान दोन जोड्या, म्हणजे चार तारा लागतात. आमच्या नशिबाने फोन घेताना लाइनमनने चार तारांचं केबल टाकायला लावलं होतं. 'पुढेमागे दुसरी लाइन घेसान तं भिंत फोडा नाई लागत' म्हणाला होता. दुसरी लाइन कधी घेतली नाही, पण त्याच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार. ऑफिसांतल्या टेलिफोनच्या तारांवरून शंभर मीटरपर्यंत १० मेगाबिट वेगाने संगणक जोडायचं मानक १९९० मध्येच झालेलं आहे. व्हिडिओ कॉलला एकदोन मेगाबिट पुष्कळ होतात. मग ही तार 'काहीच कामाची नाही' हे कोणत्या हिशोबाने?

दिवाळीत नातू आला. आम्ही दोघांनी प्रयोग केला. आधी बाहेरून येणारी लाइन रोझेटमधून पूर्ण सोडवली. हे विसरू नका. चालू लाइनवर ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. राउटरचं नुकसान होईल, हाताला झटका बसेल तो वेगळाच. मग दोन्ही टोकांना चार तारा लॅनच्या पिनेत १, २, ३ आणि ६ या जागी बसवल्या. १ आणि २ ला एक जोडी, ३ आणि ६ ला दुसरी. पहिल्यांदा माझ्याकडून जोड्या फुटल्या. "आबा, चष्मा लावा," असं ऐकून घ्यावं लागलं. असो.

लॅपटॉपचा वेग १० वर आणला तेव्हा जोडणी तासभर हलली नाही. १०० वर ती लागायची, पण मागच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की डळमळायची. कारण आमच्या तारेला पीळ जवळजवळ नव्हताच. जोडीला पीळ दिला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे फरक काढताना गळून जातो. ही युक्ती ग्रॅहॅम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. आजच्या कॅट-६ मध्येही तेच तत्त्व आहे, फक्त जोड्या चार आणि पीळ घट्ट.

म्हणून जुनी तारच वापरा असा हट्ट धरणारे आमचे एक इंटरनेटपंडित आप्त आहेत, त्यांच्याशीही माझं जमत नाही. ही तार तात्पुरती चालते. कायमची तिच्यावर भिस्त ठेवू नये. दोनच तारा असतील तर दोन टोकांना वेगळी यंत्रं बसवावी लागतात, त्यांच्या किमतीत नवं केबल आरामात येतं.

तारेचा खरा उपयोग वेगळाच निघाला. नातवाने तिच्या एका टोकाला नवं कॅट-६ बांधलं, चिकटपट्टी गुंडाळली, मी पुढून हळूहळू ओढत गेलो आणि तो मागून सोडत गेला. वीस मिनिटांत जुनी तार बाहेर, नवी आत. भिंतीचा टवका उडाला नाही. शिवाय फोनचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा असतो, तोही फायदाच, कारण २३० व्होल्टच्या शेजारी असलं केबल घालू नये. मागच्या टोकाला माळ्यावरचा जुना राउटर लावला. आता सौ.च्या मोबाइलला वायफाय त्या खोलीतच मिळतं. वायफायशी माझं वैर नाही हो! त्याला भिंतीपलीकडे न्यायला तार लागते, एवढंच म्हणणं.

केबल घेताना मात्र तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. स्वस्त असतं, लवकर मोडतं. दुकानदार 'सेमच आहे' म्हणेल, त्याला म्हणू द्या.

वरच्या खोलीचं काय? पाइप आत आहे, तोंड सापडत नाही. गवंडी म्हणतो, अंदाजाने फोडून बघू. माझ्या एका 'टाक तोडून'ची ही किंमत.

आणि चिखलीच्या पुतण्या, तू हे वाचतोस म्हणून लिहितो. तुझ्या घराचा नकाशा पाहिला. एसीची जागा आहे, सहा ठिकाणी टीव्हीचे पॉइंट आहेत, झुंबराला हूक आहे. खोल्याखोल्यांत लॅनसाठी रिकामा पाइप एकही नाही. विचारलं तर तुझा इंजिनिअर म्हणाला, "काका, आता सगळं वायरलेस." त्याला म्हणावं, तुमच्या वायरलेसच्या राउटरला मागून काय येतं ते बघा जरा! सेंट्रिंग लागलंय, स्लॅब गुरुवारी आहे असं कानावर आलं. बुधवारपर्यंत इलेक्ट्रिशियनला गाठ. पाइपाचे पैसे मी देतो.